मागच्या खोलीत नाही, शेजाऱ्याच्या ओट्यावर आहे

होळी झाली की वऱ्हाडात कुलर निघतात. टिनाची पेटी झाडूनपुसून खिडकीत चढते, वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, टाकीत बादल्या ओतल्या जातात आणि पुढचे तीन महिने सगळं घर त्या वाऱ्यापुढे मुक्कामाला येतं. बाळापूरसारख्या गावात याच दिवसांत एक तक्रार ऐकू येते: पुढच्या खोलीत नेट पळतं, कुलरच्या पलीकडे गेलं की अडखळतं. कंपनीला फोन होतो. ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० वर नेला जातो. फरक पडत नाही, कारण बाहेरून वेग कमी येतच नव्हता. तो घरातच अडत होता.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. जुन्या, लांब पोचणाऱ्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याच्या निम्म्याहून कमी. या लहरींना दोन गोष्टी मानवत नाहीत. धातूचा पत्रा त्यांना परत फेकतो आणि पाणी त्यांना पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न तापवतो तो याच २.४ च्या शेजारच्या लहरींनी, आणि तापतं ते मुख्यतः अन्नातलं पाणी. आता कुलर पाहा: चारी बाजूंनी पत्रा, आत टाकीभर पाणी, वर ओल्या ताट्या. राऊटर आणि फोन यांच्या मधे उभी करायला याहून वाईट वस्तू घरात शोधूनही सापडायची नाही.

कुलर निदान पावसाळ्यात माळ्यावर जातो. भिंती जात नाहीत. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं त्याचं काम सुरू केलं आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानं ते १७५७ मध्ये पुरं केलं, असं सांगितलं जातं. तटबंदी भाजक्या विटांची, आणि विटाही अशा की अजून टिकून आहेत. गावातल्या जुन्या घरांनाही भिंती बांधताना कुणी काटकसर केलेली नाही. हात-दीड हात जाडीच्या माती-विटांच्या दोन भिंती ओलांडताना २.४ ची लहर दमते आणि ५ ची तर पहिल्याच भिंतीत बहुतेक संपते. स्लॅबच्या नव्या घरांत विटा पातळ झाल्या, पण छतात लोखंडी सळयांची जाळी आली. त्यामुळे खालच्या मजल्यावरचं वायफाय वर पोचताना निम्मं उरतं. टिनाच्या छपराखालच्या खोलीत ते पत्र्यावरून उलटं फिरतं.

म्हणून पहिलं निदान साधं असतं: खोड घराबाहेर आहे की घरात?

यासाठी लॅपटॉप असेल तर राऊटरला तारेनं जोडून वेग मोजायचा. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. तारेवरही मिळत नसेल, तर भांडायला हरकत नाही. पण त्याआधी एक हिशोब तपासावा. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा असतो, बाइटचा नव्हे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. सिनेमा उतरवताना फोनवर ‘१२’ दिसलं म्हणून कंपनीनं फसवलं असं होत नाही. उलट २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊनही कायम ९५ च्या आत-बाहेर अडकलेलं दिसत असेल, तर दोष बहुधा स्वस्तातल्या राऊटरच्या खाचेचा किंवा जुन्या तारेचा. त्या खाचा १०० च्या पुढे जातच नाहीत. अशा घरात ३०० च्या प्लॅनचे पैसे दरमहा वाया जात असतात.

लॅपटॉप नसेल तर दिवे वाचावेत. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर जळत असला की प्रकाश घरापर्यंत येतो आहे. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत असला, की येत नाही. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार आणि तिच्यातून धावणारा प्रकाश. खांबांवरून लोंबणाऱ्या या तारेला वळवाचं वादळ, उंच भरलेला ट्रक आणि माकडं असे तिघेही शत्रू आहेत. पण घरातलाही एक शत्रू असतो: तार कपाटामागे कोपऱ्यात करकचून वाकवणारा माणूस. काच न तुटताही तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. जोडणी करायला येणारे तरुण ‘पॉवर किती येते’ म्हणून मोजतात, ती हीच. आकडा उणे २० च्या आसपास असला की उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की बहुतेक डब्यांना तो प्रकाश ओळखूच येत नाही.

“भाऊ, नेट काऊन चालून नाही राह्यलं?” या प्रश्नाला त्याच तरुणांकडून एक ठरलेलं उत्तर मिळतं: “एकडाव बंद करून चालू करा.” लोकांना ही टाळाटाळ वाटते. ती तशी नाही. राऊटर हा एक छोटा संगणकच असतो, महिनोन्‌महिने न झोपलेला. बंद-चालू केल्यानं त्याची भरलेली स्मृती रिकामी होते, तो आजूबाजूच्या गर्दीत बरी वाट पुन्हा शोधतो आणि दोन मिनिटं का होईना, गार होतो.

गार होणं ही वऱ्हाडात क्षुल्लक बाब नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर अकोला जिल्ह्यात उष्णतेपायी महिनाअखेरपर्यंत जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. बहुतेक घरगुती राऊटरांच्या कागदावर मात्र वापरासाठी ० ते ४० अंश तापमान छापलेलं असतं. तो कागद लिहिणाऱ्यानं अकोल्यातली दुपार पाहिलेली नसते. आणि राऊटर ठेवला कुठे जातो? टीव्हीच्या शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, वरून विणलेला रुमाल. दुपारी दोन ते पाच नेट रडतं आणि रात्री आपोआप सुधारतं, असा ज्या घराचा अनुभव आहे त्यांनी आधी तो रुमाल काढावा. राऊटर भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर, घराच्या मधल्या खोलीत हवा. जिथं तार घरात शिरली तिथंच तो टांगला जातो, हे खरं दुखणं आहे. जोडणीच्या दिवशी आणखी दहा मीटर तार मागायला लोक संकोचतात आणि मग वर्षानुवर्षं मागच्या खोलीत बसून वैतागतात.

वीज हा वेगळाच खेळ. बाळापूर तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, पण शेजारी वीज बनते म्हणून लाईन जायची थांबत नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरातही लाईन गेल्याच्या क्षणी पापणी लवेल एवढा खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राऊटर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि ऑनलाइन परीक्षेतला मुलगा दोन मिनिटं बाहेर फेकला जातो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राऊटरसाठी वेगळा मिळतो. तो फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही सांभाळतो. आणि राऊटर विनाकारण आपोआप बंद-चालू होत असेल, तर तो फेकण्याआधी त्याचा अ‍ॅडाप्टर बदलून पाहावा. उन्हाळ्यात आधी तोच दगा देतो.

हे सगळं करूनही गर्दीच्या गल्लीत वेग मिळत नसेल तर कारण हवेत असतं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला भारतात परवाना लागत नाही, म्हणून सगळे तिथेच लोटतात: शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथचे स्पीकर, मायक्रोवेव्ह. या पट्ट्यात नावापुरती तेरा चॅनेल आहेत. पण एकमेकांच्या अंगावर न जाणारी फक्त तीन, १, ६ आणि ११. कुणी हौसेनं ३ किंवा ८ निवडलं की तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो. फोनवरच्या मोफत अ‍ॅपनं कोणत्या चॅनेलवर किती गर्दी आहे ते दिसतं; त्या तिघांतलं रिकामं ते घ्यावं. राऊटरच्याच खोलीत बसणाऱ्या टीव्हीला आणि लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्‌झवर हलवावं. तिथं जागा भरपूर असते.

मागच्या खोलीसाठी दुकानदार ‘रिपीटर’ हातात ठेवतो. स्वस्तातला रिपीटर हा निरोप्यासारखा असतो: आधी ऐकणार, मग तेच पुन्हा बोलणार, आणि दोन्ही एकाच चॅनेलवर. वेग सरळ निम्म्यावर येतो. शिवाय तो लावला जातो मागच्याच खोलीत, जिथं त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावावा. त्याहून बरं, जाड भिंतीला एक भोक पाडून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ ची तार न्यावी आणि तिथं दुसरा राऊटर नुसता वायफाय पसरवण्यासाठी ठेवावा. घरच्यांना भिंतीला भोक पाडणं जिवावर येतं, पण जुन्या वाड्यात याला पर्याय नाही.

एवढं करून वायफाय घरभर पोचलं की ते घराबाहेरही पोचतं. हा त्याच लहरींचा दुसरा गुण. मागच्या खोलीची दीड हाताची भिंत त्यांना अडवते, पण रस्त्याकडचं लाकडी दार आणि उघडी खिडकी अडवत नाही. म्हणजे मालकाला स्वतःच्या स्वयंपाकघरात मिळत नाही ते नेट शेजाऱ्याच्या ओट्यावर बसलेल्या पोट्ट्यांना छान मिळतं. थोडं नेट फुकट गेलं तर बिघडलं काय, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. काय बिघडतं ते महाराष्ट्रानं २००८ मध्ये पाहिलं.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. ५० हून अधिक माणसं गेली. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ई-मेल पोचला होता. तो ज्या आयपी पत्त्यावरून निघाला त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेपाशी आल्या. आत एक अमेरिकी गृहस्थ राहत होते. त्यांचा ई-मेलशी संबंध नव्हता; त्यांच्या वायफायला पुरेसं कुलूप नव्हतं, एवढंच. तरी चौकशी त्यांचीच झाली, संगणक त्यांचेच तपासले गेले आणि वर्तमानपत्रांत चर्चा त्यांचीच. पुढच्या महिन्यात तसाच ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. तीन ई-मेल, तीन पत्ते, आणि तिन्ही ठिकाणचे मालक अनभिज्ञ. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या.

तपासाची गाडी आधी पत्त्यावर येते, माणसावर नंतर. कायदा चोराच्या विरोधात आहेच: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शिरणारा ओट्यावरून कधीच उठून गेलेला असतो आणि बिल ज्याच्या नावावर त्याला ठाण्यात बसावं लागतं.

आज अगदी उघडं वायफाय क्वचित दिसतं. त्या जागी दुसरं दुखणं आलं आहे: घरमालकाचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड. लक्षात राहतो, पाहुण्याला सांगता येतो. पण वायफायचा पासवर्ड शोधणारा दारात उभा राहून एकेक आकडा दाबत बसत नाही. एखादा फोन राऊटरला जोडला जाताना हवेत जी देवघेव होते ती तो टिपून घेतो, घरी नेतो आणि ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला जुंपतो. चांगलं कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड ताडून पाहू शकतं. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता चारशे कोटी. भागाकार केला तर सगळे नंबर संपायला तासाच्या आसपास वेळ लागतो. याउलट एकमेकांशी काहीही नातं नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, समजा सांबारवडी, ढेकूळ, टपाल आणि असेच काही, तर त्याच कार्डाचा घाम निघेल. अर्थात इथं छापलेले शब्द आता कुणी वापरू नयेत.

कुलूप कोणत्या जातीचं आहे हेही पाहावं लागतं. १९९७ पासूनचं ‘डब्ल्यूईपी’ २००१ मध्येच फोडलं गेलं. जुन्या राऊटरवर ते अजून असलं तर नसल्यासारखंच. २००४ चं ‘डब्ल्यूपीए-२’ आजही चालतं, २०१८ चं ‘डब्ल्यूपीए-३’ त्याहून बरं, कारण त्यात देवघेव टिपून घरी नेण्याची वरची युक्ती चालत नाही. जुना टीव्ही ‘३’ ला जोडला जात नसेल, तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय राऊटरवर असतो.

सगळ्यात गमतीदार भोक मात्र ‘डब्ल्यूपीएस’ नावाच्या बटणात निघालं. पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी ही सोय: आठ आकडी पिन दिला की यंत्र जोडलं जातं. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, कुणाला वाटेल की भक्कम आहे. २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक या संशोधकानं दाखवलं की राऊटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला अर्धा भाग चुकला तर तसं लगेच सांगून टाकतो. पहिल्या चार आकड्यांच्या शक्यता १०,०००. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून हिशोबानं निघतो, म्हणून तिथं फक्त १,०००. दहा कोटींचे झाले अकरा हजार. काही तासांचं काम. मग पासवर्ड कितीही लांब ठेवा, हे मागचं दार उघडंच. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करणं, हे या लेखातलं सर्वांत कमी कष्टाचं काम आहे.

त्या सेटिंगपर्यंत जायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याखाली चिकटवलेला पत्ता टाकावा लागतो. तिथं विचारला जाणारा पासवर्ड वायफायचा नव्हे, राऊटरचा. अनेक घरांत तो अजून ‘अ‍ॅडमिन’च असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रणालीनं नेमकं हेच हेरलं. तिच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या ६० हून अधिक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. ती घेऊन ती जगभरच्या कॅमेऱ्यांच्या आणि राऊटरांच्या दारावर थापा मारत सुटली. जी दारं उघडली त्यांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ ला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास कोलमडली. हल्ल्यात भाग घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याची गंधवार्ताही नव्हती. दुकानात, गोठ्यावर, दारावर लावलेले सीसीटीव्ही आता वऱ्हाडातही घरोघर आहेत. त्यांचे मूळ पासवर्ड बदलावेत आणि त्यांना ‘गेस्ट’ नेटवर्कवर वेगळं बसवावं, म्हणजे कॅमेरा फितूर झाला तरी घरातल्या लॅपटॉपपर्यंत वाट राहत नाही. पाहुण्यांनाही हेच गेस्ट द्यावं. नाहीतर एकाला दिलेला पासवर्ड फोनवरच्या क्यूआर चौकटीतून संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत फिरतो.

नेटवर्कचं नाव लपवल्यानं काही साधत नाही. फोनच ते नाव पुकारत फिरतात. राऊटरची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करण्यानं मात्र साधतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या माथी फानहूफ या संशोधकानं ‘क्रॅक’ हा दोष जाहीर केला तेव्हा डब्ल्यूपीए-२ च्या मूळ रीतीतच फट सापडली होती, आणि ती बुजली फक्त अद्ययावत झालेल्या यंत्रांत. एवढ्यावरही कुणी घुसून पैशाची फसवणूक केलीच, तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक देशभर चालतो. जितक्या लवकर फोन, तितके पैसे वाटेत अडकण्याची शक्यता जास्त.

नवा राऊटर आला की जुना भंगारवाल्याला किंवा भाच्याला दिला जातो, आतल्या वायफायच्या आणि कधी कधी ब्रॉडबँडच्या पासवर्डासकट. देण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की तो कोरा होतो. कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यावर मात्र चालू जोडणीत ही टाचणी चालवू नये. त्यातली जोडणीची माहितीही पुसली जाते आणि ती पुन्हा भरायला कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय राहतं.